एक्केचाळीस दिवसांची ओळ

मित्रांनो, या गोष्टीत कोणाला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो. फलकाने हातचं राखून सांगितलं, असं मागाहून कोणी म्हणायला नको.

बाईंना मिळणार होते एक्केचाळीस दिवस. सुट्ट्या वजा केल्या तर कामाचे सव्वीस. तेवढे दिवस त्या देशाच्या सरन्यायाधीश, म्हणजे सगळ्या न्यायाधीशांच्या प्रमुख होणार होत्या. त्यांच्या आईला मिळणार होतं मुलीचं नाव सोनेरी अक्षरांत. पाळीत बाईंच्या मागे उभे असलेले मिशीवाले न्यायमूर्ती, त्यांना अकरा महिने. सोनेरीकाकांना दोन तारखा लिहायचं काम. आणि मला? माझ्या वाट्याला अडगळीची खोली. तेव्हा माझा स्वार्थ कुठे होता तेही तुम्हाला कळेलच, मी लपवणार नाही.

मी एक जुना फलक आहे. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयात, दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जाताना जिना जिथे वळतो, तिथल्या भिंतीवर मी एकाहत्तर वर्षं टांगलेला आहे. माझ्यावर आजवरच्या सगळ्या सरन्यायाधीशांची नावं आहेत. तीन रकाने: नाव, पासून, पर्यंत. माणसाच्या थोरवीबद्दल मी एक अक्षर बोलत नाही. कधी आला आणि कधी गेला, एवढंच सांगतो.

माझी जागा फार मोक्याची आहे, मित्रांनो. न्यायाधीशांचं सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट दुसऱ्यावर संपते, आणि न्यायाधीश बहुतेक साठीच्या आसपासचे. वळणावर येईतो प्रत्येकाला धाप लागते. पण दम लागला हे कबूल कोण करणार? मग थांबायचं, हात मागे बांधायचे आणि माझ्याकडे असं बघायचं, जणू इतिहासच वाचतोय. एकाच माणसाला मी पहिली चार नावं दोनशे वेळा वाचताना पाहिलंय. थांबलं की बोलणं आलंच. सभागृहात ठरतं ते कागदावर जातं. कसं ठरलं, ते माझ्यापाशी राहतं.

मला एका सुताराने घडवलं. सागाच्या चार फळ्या त्याने इतक्या बेमालूम जोडल्या की सांधा अजून कोणाला सापडलेला नाही. ओळी आखायची वेळ आली तेव्हा त्याने विचारलं, "साहेब, किती आखू?" तेव्हाच्या निबंधकांनी, म्हणजे न्यायालयाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्यांनी, छताकडे बघितलं आणि म्हटलं, "चाळीस आख. तुझी नातवंडं म्हातारी होईपर्यंत पुरतील."

सुरुवातीला तसंच वाटत होतं. पहिले सरन्यायाधीश अकरा वर्षं होते, दुसरे आठ, तिसरे नऊ. अठ्ठावीस वर्षांत तीन ओळी. मी दिमाखात होतो. दर शनिवारी मला मेणाचं पॉलिश व्हायचं. शाळांच्या सहली यायच्या आणि शिक्षक माझ्याकडे बोट दाखवून मुलांना सरळ उभं राहायला सांगायचे.

पुढे गडबड झाली ती नियमाने. नियम अगदी साधा होता. सरन्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले की उरलेल्यांत जो सर्वांत आधी न्यायाधीश झाला तो प्रमुख. कोणाची शिफारस नको, कोणाची मर्जी नको. पण तुमच्या शाळेत मॉनिटर असा निवडला तर काय होईल बघा. जो शाळेत सर्वांत आधी आला तो मॉनिटर, म्हणजे शेवटच्या वर्गातला, आणि त्यातही पुढच्या सोमवारी ज्याची शाळा संपणार तो! फळा पुसायचं फडकं कुठे ठेवलंय हे त्याला सापडेपर्यंत निरोप समारंभ.

आमच्याकडे तेच झालं. कोणी आठ महिने, कोणी पाच, कोणी अडीच. एक तर एकोणीस दिवसांचे होते. त्यांच्या स्वागताचे गुच्छ ताजेच होते, म्हणून शिपायाने तेच निरोपालाही ठेवले. कोणाच्या लक्षात आलं नाही, साहेबांच्या आलं. ते हसून म्हणाले, "पाणी तरी बदललंत ना?"

बघता बघता माझ्या सदतीस ओळी भरल्या. उरल्या तीन. शेवटच्या चार वर्षांत तर सात नावं चढली. पॉलिश थांबलं होतंच. एक दिवस एक सुतार येऊन माझ्या शेजारची भिंत मोजून गेला. नव्या फलकासाठी. जुन्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं तेव्हा निबंधकांनी तळघराच्या दिशेने हनुवटी हलवली. ती हनुवटी मी विसरलेलो नाही.

आता सोनेरीकाकांबद्दल सांगतो. माझ्यावरची शेवटची एकवीस नावं त्यांच्या हातची. सोनेरी रंगात लिहितात म्हणून सगळे त्यांना सोनेरीकाका म्हणतात, खरं नाव पगारपत्रकालाच माहीत. खडूची दोरी ताणून ते माझ्यावर रेघ मारतात, मनगटाखाली काठी धरतात, आणि श्वास रोखून अक्षर काढतात. लिहायला लागतो एक तास. पण आत यायचा पास मिळवायला अर्धा दिवस जातो आणि शिडी कोणत्या खोलीत आहे हे शोधायला उरलेला अर्धा. चार वर्षांपूर्वी, सातांतल्या पहिल्याच नावाच्या वेळी, त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. ते निबंधकांना म्हणाले, "साहेब, पुढचं नावही आत्ताच लिहून ठेवतो. तारखा तेवढ्या मागाहून."

निबंधक घाबरट. "असं आधी लिहिता येतं का?"

"पाळी ठरलेली आहे ना?"

"पाळी तर ठरलेलीच आहे."

"मग झालं तर!"

तेव्हापासून रीतच पडली. एका खेपेला दोन नावं लिहायची आणि दुसऱ्यावर माझ्याच रंगाच्या तपकिरी कागदाची पट्टी डिंकाने चिकटवायची. वेळ आली की पट्टी ओढायची, तारखा टाकायच्या, खालच्या ओळीत पुढचं नाव, त्यावर नवी पट्टी. सलग सहा वेळा पट्टीखालचंच नाव बाहेर आलं. त्यामुळे पट्टीखाली लिहिलं म्हणजे घडलंच, असं सगळे धरून चालले. मीसुद्धा.

माझ्या अडतिसाव्या ओळीवर पट्टी होती आणि तिच्याखाली बाई होत्या.

बाई चौसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, डावा गुडघा दुखरा. वळणावर येऊन इतिहास वाचायचं सोंग न करणाऱ्या त्या एकट्याच. सरळ "दमले बाई!" म्हणायच्या आणि माझ्याखालच्या बाकावर बसकण मारायच्या. म्हणून मला त्या आवडायच्या.

एकदा त्यांनी आईला आणलं. आई अठ्ठ्याऐंशीची. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेली. कठडा धरून वर आली, चष्मा नाकावर सारला आणि पट्टीकडे बघत म्हणाली, "हे काय? कागद दाखवायला आणलंस मला?"

"नाव खाली आहे, आई. अजून उघडायचं नसतं."

"का? लाजतंय का ते?"

"दोन महिने थांब की."

"अठ्ठ्याऐंशी थांबले, आणखी दोन महिन्यांना काय झालंय." आई बाकावर टेकली. "एक्केचाळीस तर एक्केचाळीस दिवस. पण हक्काचे. मी नऊ वर्षं ज्येष्ठ होते, आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत कोण बसलं?"

"अध्यक्षांचा मेहुणा. सांगितलंयस तू, आई."

"आणखी शंभरदा सांगेन! हजेरीपट मांडता येत नव्हता त्याला धड. ज्याचा कुठे वशिला नाही ना, त्याच्याजवळ फक्त पाळी असते. पाळी आली की सोडायची नाही, कळलं?"

"कळलं."

आईने पट्टीवरून बोट फिरवलं. अक्षरं लागतात का बघत होती. कागद जाड होता.

त्यानंतर आठवड्याभरात शिंपी आला. तो नेहमीचाच. त्याच्या गल्लीतल्या सगळ्या दुकानांना जागा सोडायचा हुकूम आला होता आणि त्याविरुद्धचा खटला चार वर्षं आमच्याकडे होता. पाच न्यायाधीशांचं मोठं खंडपीठ बसल्याशिवाय तो सुटणार नव्हता, आणि ते नेमण्याचा अधिकार फक्त सरन्यायाधीशांना. त्या दिवशी बाकावर बाई बसलेल्या होत्या. काळा गाऊन काढून मांडीवर घेतलेला. शिंप्याने माणसाआधी कापड पाहिलं.

"ताई, शिवण उसवलीय तुमची. द्या इकडे." कॉलरला टोचलेली सुई त्याने काढलीसुद्धा. "वकील का तुम्ही?"

"होते पूर्वी," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं ते.

टाके घालता घालता तो माझ्याकडे मान उडवून बोलायला लागला. "हा फलक मला तोंडपाठ आहे. वरून नाही हो, खालून. ह्यांच्या वेळी आम्ही अर्ज केला. हे म्हणाले, मोठं खंडपीठ लागेल. हे म्हणाले, नेमतो, आणि निवृत्त झाले. ह्यांनी फाईल वाचायला मागवली. ह्यांच्या वेळी ती सापडेना. हे एकोणीस दिवसांचे, त्यांना काय बोलणार? आणि आत्ताचे म्हणतात, जाता जाता मी कशाला हात घालू."

"आणि ही पट्टी?"

"पट्टीखाली कोणी बाई आहेत म्हणे. एक्केचाळीस दिवसांच्या. त्या बस्तान मांडतील की आवरतील? आमचे वकील म्हणाले, त्यांच्यानंतर बघू." त्याने दोरा दातांनी तोडला. "नंतर, नंतर! हरलो तरी चालेल हो ताई, पण काय ते एकदा सांगा. मी गिऱ्हाइकाला कापड परत देईन, पण माप घेऊन चार वर्षं बसवून ठेवणार नाही."

बाईंनी गाऊन हातात घेतला, टाके बघितले, "छान झालंय," म्हणाल्या आणि वर गेल्या. त्या दिवशी त्यांनी कठडा धरला नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

त्याच सुमारास देशात राज्यघटना बदलायचं घाटत होतं. राज्यघटना म्हणजे देश कोणत्या नियमांनी चालायचा ते सांगणारं मूळ पुस्तक. त्यात सरन्यायाधीश नेमायची रीत बदलायची, प्रमुखाला पुरी पाच वर्षं द्यायची, असा विचार होता. न्यायालयाने आपलं मत कळवावं म्हणून पाच ज्येष्ठ न्यायाधीशांची समिती बसली. सरन्यायाधीश जायच्या तयारीत, म्हणून प्रमुख अर्थात बाई.

पहिल्या बैठकीला जाताना पाचही जण माझ्यासमोर धापा टाकत उभे होते. मिशीवाले न्यायमूर्ती अंगाने भरदार, मिशी त्याहून. ते म्हणाले, "मंत्र्यांचं म्हणणं, निवड मंत्रिमंडळ करेल. का, तर न्यायाधीश मेले तरी आपापली पाळी सोडायचे नाहीत."

"आणि सोडली तर?" बाईंनी बाकावरून विचारलं.

"तर म्हणाले, तुमचं तुम्ही मत देऊन निवडा, आम्ही हात जोडून बाजूला."

"लेखी दिलंय?"

"लेखी दिलंय. देणारच. आपण सोडणार नाही याची खात्री आहे ना त्यांना!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत, पण तो कागद त्यांनी मागून घेतला.

महिनाभर चढउतार चालू होती. मसुदा तयार होत गेला. प्रत्येक न्यायाधीशाला एक मत, बंद चिठ्ठीत. ज्याची निवृत्तीला निदान पाच वर्षं बाकी आहेत त्यालाच उभं राहता येईल. एकदा निवडला की पाच वर्षं, मग परत नाही. वरून कोणी हात घालायचा नाही. सगळं ठरलं, आणि शेवटच्या दिवशी शेवटचं कलम आलं. ते मिशीवाल्यांनी लिहून आणलं होतं. वळणावर येताच त्यांनी ते बाईंच्या हातात दिलं. बाईंनी मोठ्याने वाचलं, "हा बदल सध्याच्या ज्येष्ठतम न्यायाधीशांच्या कार्यकाळानंतर लागू होईल."

"तुमचा मान राखलाय," मिशीवाले अदबीने म्हणाले.

"माझ्या एकटीचाच?"

"आता तत्त्व एकदा मान्य केलं म्हटल्यावर… मागच्यांवर तरी अन्याय का, अशी एक भावना आहे."

"कोणाची?"

मिशीवाल्यांनी माझी पहिली चार नावं वाचायला घेतली.

बाई उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. पट्टीवर बोट ठेवलं. "ही मी. माझ्यानंतर तुम्ही, अकरा महिने." बोट एकोणचाळिसाव्या ओळीवर आलं. "मग हे, पाच महिने." बोट चाळिसाव्यावर. "मग हे दोघं, मग ते धाकटे, मग त्यांचे मागचे." माझ्या ओळी संपल्या होत्या. बाईंचं बोट माझ्या चौकटीवरून खाली उतरलं आणि उघड्या भिंतीवर चालत राहिलं. "सात वर्षं चार महिने झाले. तोवर मागे आणखी कोणी येऊन उभा राहील आणि म्हणेल, माझ्यानंतर. मंत्र्यांना उगाच नावं ठेवत होतो आपण. माणूस बरोबर ओळखलाय त्यांनी."



"पेन द्या," बाई म्हणाल्या. कागद टेकवायला टेबल नव्हतं, म्हणून त्यांनी तो माझ्यावरच धरला, चाळिसाव्या ओळीच्या खाली, जिथे काहीच लिहायचं नसतं तिथे. आणि 'सध्याच्या'पासून 'नंतर'पर्यंत एक रेघ ओढली. अशी जोरात, की निब कागदातून माझ्या अंगात उतरली. वीतभर लांब ओरखडा. एकाहत्तर वर्षांत मला कोणी इजा केली नव्हती. पण सांगतो, ती दुखली नाही.

आता कलम एवढंच उरलं होतं: हा बदल लागू होईल. कधी? तर लगेच.

मिशीवाले कागदाकडे बघत म्हणाले, "बाई, तुमची ही रेघ माझ्या अकरा महिन्यांवरूनही गेली."

"दिसतंय मला. हवं तर परत लिहू. पण तुमचं लिहायचं तर आधी माझं लिहावं लागेल, आणि ते मी लिहिणार नाही."

"घरी काय सांगू मी? बायकोने पाहुण्यांची यादीसुद्धा केलीय."

"माझ्या घरी आई आहे. करता अदलाबदल?"

मिशी आधी थरथरली, मग रुंदावली. त्या माणसाने खो खो हसत, माझ्यावरच कागद टेकवून सही केली. कुरकुरला तो नंतर महिनाभर, पण सही मागे घेतली नाही. बाकीच्या तिघांनी त्याची सही बघून आपली केली.

आईला बातमी रेडिओवर कळली. दुसऱ्या दिवशी ती एकटी जिना चढून आली. शिपाई "आजी, आजी" करत मागे. तिने बाकावर बसून फर्मावलं, "बोलवा तिला."

बाई आल्या. गाऊनसकट, मधल्या सुट्टीत.

"काय सांगितलं होतं मी?"

"पाळी सोडायची नाही."

"आणि काय केलंस?"

"सोडली."

"कोणासाठी? उद्या एखादा मेहुणा बसेल तिथे, मग?"

"तुझ्या वेळी अध्यक्षांनी निवडलं, आई. इथे आम्ही एकोणीस जण निवडणार. बंद चिठ्ठी. बाहेरच्या कोणाचं चालायचं नाही."

"आणि ज्येष्ठ माणसाला काय?"

"ज्येष्ठ माणूस मत देईल."

"नुसतं मत?"

"नुसतं मत."

आईने पट्टीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमच्या शाळेत आम्हा शिक्षकांना मत विचारलं असतं, तर त्या मेहुण्याला एक पडलं नसतं. त्याचं स्वतःचंसुद्धा नाही, त्याला चिठ्ठी भरता आली नसती."

"तेच म्हणतेय मी."

"मला पटलंय असं समजू नकोस." आई उठली. "डबा खाल्लास का?"

संसदेत दोन दिवस चर्चा झाली. विरोधकांचा प्रश्न एकच होता: यात फायदा कोणाचा? बदल कोणाच्या तरी सोयीने केला जातो असं त्यांना वाटत होतं, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही असतं. या वेळी त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला. ज्या पाच जणांनी तो लिहिला, त्या पाचांपैकी एकालाही उभं राहता येणार नव्हतं. खोडलेल्या ओळीची प्रत सभागृहात फिरली. मंत्र्यांचं लेखी वचन बाईंनी जपून ठेवलेलंच होतं. मंत्र्यांनी हात जोडले आणि बाजूला झाले. दोन तृतीयांश मतं हवी होती, त्याहून एकोणतीस जास्त पडली.

मग एकोणीस न्यायाधीश जिना चढून गेले, सगळे माझ्यापाशी थांबून. चिठ्ठ्या पडल्या. निवडून आले चष्मेवाले न्यायमूर्ती, जे पाळीत सातवे होते. बाईंनी कोणाला मत दिलं ते मला माहीत नाही. खाली उतरताना त्यांनी चष्मेवाल्यांना एवढंच म्हटलं, "शिंप्यांच्या गल्लीची फाईल वरती ठेवलीय. सापडत नाही म्हणू नका."

आणि मग सोनेरीकाका आले. शिडी या वेळी लगेच सापडली. निबंधक हातावर हात चोळत उभे. "पट्टी काढूच नका. तिच्यावरच नवं नाव लिहा. झाकली मूठ राहू दे."

"कागदावर हा रंग धरत नाही साहेब. खरवडावं लागेल."

बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं. आई पुढे झाली आणि नखाने पट्टीचं टोक उचललं. डिंक जुना, पट्टी सुरकन निघाली. मीही ते नाव तेव्हाच पहिल्यांदा उजेडात बघितलं. सुरेख अक्षर होतं. आईने चष्मा वर केला, खाली केला, अगदी जवळ आली.

"पहिली वेलांटी हवी," ती म्हणाली.

"काय?" सोनेरीकाका.

"दुसऱ्या अक्षराला. पहिली हवी, तुम्ही दुसरी दिलीय."

सोनेरीकाका शिडीवर लाल झाले. निबंधकांनी भिंतीचा आधार घेतला. आईने वळून मुलीकडे बघितलं आणि निकाल दिला, "खरवडा. माझ्या मुलीचं नाव चुकीचं राहण्यापेक्षा नसलेलं बरं!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. आई चष्मा पुसत राहिली. जरा जास्तच वेळ. काच स्वच्छ होती, मी जवळून बघितली. मग तिने चष्मा चढवून माझी बाकीची सदतीस नावं वाचून काढली आणि आणखी तीन चुका दाखवल्या. त्यातली एक साठ वर्षं तशीच होती. दोनशे वेळा वाचणाऱ्यांनाही दिसली नव्हती. सोनेरीकाकांनी त्या दिवशी चारही कामं केली. चष्मेवाल्यांचं नाव लिहिण्याआधी त्यांनी ते कागदावर काढून आईला दाखवलं. आईने मान हलवली, मगच कुंचला रंगात बुडाला. त्यावर पट्टी नाही. पुढच्या ओळीवरही नाही.

बाई पुढे एक्केचाळीस दिवसांनी, साध्या न्यायाधीश म्हणूनच निवृत्त झाल्या. शिंप्याचं खंडपीठ दुसऱ्या महिन्यात बसलं आणि सातव्या महिन्यात निकाल लागला: पर्यायी जागा दिल्याशिवाय दुकानं हलवता येणार नाहीत. मागितलं होतं त्याच्या निम्मं. शिंप्याने त्याला जिंकणं म्हटलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, खालून वर वाचलं आणि शिपायाला विचारलं, "इथल्या पट्टीखालच्या बाई कुठे गेल्या हो? आणि एक वकीलताई बसायच्या बघा इथे, त्यांना सांगायचं होतं, सुटला आमचा खटला." शिपायाला काही सांगता येईना. मला येत होतं, पण फलकाला बोलता कुठे येतं? म्हणून तर तुम्हाला सांगतोय.

मित्रांनो, शेजारची भिंत मोकळीच आहे. मला पुन्हा पॉलिश करायचं ठरलंय. तुम्ही कधी सहलीला आलात आणि माझ्यावर कोणी फडकं फिरवत असेल, तर त्याला माझा एक निरोप द्या. धूळ पुसा, मेण लावा, वाळवी लागली तर औषध घाला, मी नाही म्हणणार नाही. पण चाळिसाव्या ओळीच्या खाली वीतभर ओरखडा आहे, तो लांबी-पुट्टी भरून बुजवू नका. तिथे सोनं नाही, अक्षर नाही, तारीख नाही. पण माझ्यावर जे काही लिहिलंय, त्यातली तेवढी एकच ओळ कोणी स्वतःच्या हाताने लिहिलेली आहे.

आता कोणी किती मोजलं ते सांगतो, आणि थांबतो. शिंप्याच्या गल्लीला निकाल मिळाला. देशाला पाच वर्षं टिकणारा प्रमुख मिळाला. मला तीन ओळींत पंधरा वर्षं मिळाली, अडगळीची खोली टळली. यासाठी सोनेरीकाकांच्या वर्षाच्या दोन खेपा गेल्या, मिशीवाल्यांचे अकरा महिने गेले, आईचं एक नाव गेलं, वेलांटीसकट. आणि बाईंचे एक्केचाळीस दिवस. सुट्ट्या धरून.